वहिनींची दिवसाची झोप

वहिनी जन्मभर उलट्या घड्याळावर जगल्या. गल्ली जेवून, दिवे मालवून आडवी व्हायची तेव्हा वहिनी केसांना रुमाल बांधून कामाला निघायच्या, आणि गल्लीतली पोरं दप्तरं अडकवून शाळेच्या वाटेला लागायची तेव्हा भुवयांना पीठ लागलेलं, अंगाला भट्टीचा वास, अशा त्या घरी यायच्या. समोरून येणारी माणसं "सुप्रभात" म्हणत. वहिनी जांभई देत "शुभरात्री" म्हणत. नव्यानं राहायला आलेल्यांना ही बाई चेष्टा करतेय की हिचं डोकं फिरलंय ते लवकर कळत नसे.

बेकरीच्या भट्टीवर त्या मुख्य होत्या. कणीक मळायला यंत्र होतं, पण यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता; शेवटचे चार रट्टे त्या स्वतः द्यायच्या. त्यामुळे दंड असे झाले होते की मास्तरांच्या बॅण्डमधला ट्रॉम्बोनवाला एकदा फुशारक्या मारत त्यांच्याशी पंजा लढवायला बसला, आणि पुढचा कार्यक्रम त्याला दात-ओठ खात निभवावा लागला. वहिनींनी त्याला दुसऱ्या दिवशी ताजा पाव पाठवला. सोबत निरोप, "दुधात बुडवून खा, चावायला जोर लागणार नाही."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. जॅझ बॅण्ड त्यांचा, त्यातल्या सगळ्या रचना त्यांच्या, पियानोवर ते, आणि ड्रमवाला तालमीला वेळेवर आला नाही तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढणारेही तेच. म्हणून मास्तर. ड्रमवाल्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. मास्तर बोलायला मऊ आणि रचना करायला दांडगे. एकदा का ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पेटले की हॉलच्या खिडक्या थरथरायच्या. त्या गदारोळात मास्तरांचा स्वतःचा पियानो कुणाला फारसा ऐकू येत नसे. ठोक्या विचारायचा, "मास्तर, तुम्ही वाजवता की नुसत्या पट्ट्या पुसता?"

वहिनींना बॅण्ड मनापासून आवडायचा. सुट्टीच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि बुटाच्या टाचेनं असा ठेका धरायच्या की ठोक्याची पंचाईत व्हायची. मास्तरांची एकूण एक रचना त्यांना तोंडपाठ होती. भट्टीपुढं उभ्या राहून त्या शीळ घालायच्या, आणि कुठल्या सुरावटीला कुठला पाव चांगला फुगतो याबद्दल त्यांची काही ठाम मतं होती. ती इथं सांगत नाही, कारण ती त्यांच्याशिवाय कुणालाच पटली नाहीत.

घर सायकलदुरुस्तीच्या दुकानावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत जुना उभा पियानो, त्याची पाठ झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकलेली. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या तेव्हा पहिले काही महिने त्यांचे फार हाल झाले. सकाळी पलंगावर पडलं रे पडलं की खाली हातोडी सुरू. मग शाळेची घंटा, मग भंगारवाला, मग पडद्याच्या फटीतून नेमकं डोळ्यावर येणारं ऊन. झोपेचं खोबरं व्हायचं. वहिनींनी काळे पडदे शिवले, कानांत कापूस कोंबला, खाली जाऊन सायकलवाल्याशी भांडण केलं, त्याची माफी मागितली, पुन्हा भांडण केलं. काही उपयोग झाला नाही. त्या वाळल्या, त्यांचे डोळे खोल गेले, आणि एका पहाटे त्यांनी पावांचे दोन अख्खे ट्रे करपवले. मालक काही बोलला नाही, पण वहिनींनी घरी येऊन पलंगावर बसून रडून घेतलं. मास्तर दारात उभे राहून बघत होते. समजूत कशी घालायची ते त्यांना जमत नसे. ते आपले पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे.

त्याच सुमारास मास्तर सकाळी पियानोवर बसायला लागले. मोठ्यानं नाही. पियानोचं मधलं पेडल दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये लोकरीची एक जाड पट्टी येते, आणि आवाज अगदी शेजारच्या खोलीतल्या बोलण्याइतका होतो. तसं पेडल दाबून ते काहीबाही वाजवत बसायचे. एकटेच, सावकाश. आणि काय झालं कुणास ठाऊक, वहिनींना झोप लागायला लागली. त्यांनी मनाशी म्हटलं, चला, अंगाला सवय झाली एकदाची.

पुढं सगळी वर्षं असंच चाललं. वहिनी यायच्या, हातपाय धुवायच्या, पाव आणि चहा घ्यायच्या, पलंगावर पडायच्या, भिंतीपलीकडे पियानो सुरू व्हायचा, आणि चार-दोन सूर कानावर पडतात न पडतात तोच वहिनींचा डोळा लागायचा. दुपारी उठाव्यात तर मास्तर तालमीला गेलेले, पातेल्यात गरम राहील असं झाकून ठेवलेलं जेवण.

या सुखाला एकच बोच होती, आणि वहिनींनी ती कधी कुणापाशी बोलून दाखवली नाही. त्यांना वाटायचं, हा एवढा मोठा कलावंत, बाहेर खिडक्या हलवतो, आणि घरात माझ्यापायी याला कुजबुजत वाजवावं लागतं. सकाळचा तेवढाच वेळ याला स्वतःसाठी मिळतो, तोही मी दाबून टाकला. आणि दुसरं याहून वाईट. तो भिंतीपलीकडे तासन्‌तास काही सुंदर रचत असणार, आणि मी इकडे घोरतेय. एक रचना, एकसुद्धा, मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. कधी तरी रविवारी आपण जागं राहायचंच, असं त्या ठरवायच्या. पियानो सुरू झाला की ठरवलेलं ठरल्या जागी राहायचं.

मग वहिनींचे गुडघे बोलायला लागले, बेकरीत नव्या भट्ट्या आल्या, आणि वहिनी निवृत्त झाल्या. मालकानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या म्हणाल्या, "आता वेळ कळून मी काय करू?" पण घड्याळ लावलं. आता त्या सगळ्या जगासारख्या रात्री झोपायला लागल्या, म्हणजे रात्री पलंगावर पडून छताकडे बघायला लागल्या, आणि दिवसा भाजी निवडताना पेंगायला लागल्या. सकाळी तरी मास्तर आता पियानो मोकळ्या आवाजात वाजवतील अशी त्यांची अपेक्षा होती. मास्तरांनी पियानो उघडलाच नाही. टेबलाशी बसून पेन्सिलीनं बॅण्डच्या रचना लिहायचे आणि तालमीला जायचे. एकदा वहिनींनी विचारलं, "अहो, सकाळचं वाजवत नाही हल्ली?"

"आता कशाला?" मास्तर म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

वहिनींच्या मनाला ते लागलं. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की माणसाचा उत्साहच मेला, आणि तो आपण मारला.

घोडं दामटलं ते मास्तरांच्या भाचीनं. ही भाची शिकत असताना त्यांच्याकडे राहिलेली. स्वयंपाकघरात पुस्तकं पसरून बसायची, त्यामुळे सकाळचा तो पियानो तिनं वर्षानुवर्षं ऐकलेला. आता तिचा स्वतःचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता, तिला स्वतःला मोठाल्या दोन मुली होत्या, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधायची सवयही लागली होती. एक दिवस ती आली आणि मास्तरांना म्हणाली, "मामा, बॅण्डचं सगळं रेकॉर्ड झालं. आता ते सकाळचं करू. तू एकटा. फक्त पियानो."

"ते काय संगीत आहे होय?" मास्तर म्हणाले. "ते आपलं घरातलं."

"घरातलंच हवंय."

मास्तरांनी हो-ना करता करता चार वेळा चहा केला, आणि पाचव्या चहाला कबूल झाले. जाताना भाचीनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "मामी, तुला त्यातलं कुठलं सगळ्यात आवडतं? ते पहिलं घेऊ."

वहिनींनी गॅसवर काहीही नसताना "दूध उतू जातंय" म्हणून पाठ फिरवली.

रेकॉर्डिंग सुरू झालं. मास्तर सकाळी उत्साहानं जायचे आणि संध्याकाळी चेहरा पाडून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "बघू." शेवटी भाचीचाच फोन आला. "मामी, अगं मामा सुरू करतो ते असं सुरू करतो की अंगावर काटा येतो. पण थांबतच नाही. वाजवतो, वाजवतो, मग आपोआप विस्कटतं, मग चिडतो आणि पियानो बंद करतो. एकाही रचनेला शेवट नाही. आज म्हणाला, हे माझ्याच्यानं होणार नाही, सोडून दे. मी म्हटलं, बाबा रे, एक दिवस अजून. तर म्हणाला, मामीला आण."

"मला? मी येऊन काय करू?"

"मला काय माहीत? तोंड उघडेल तर शपथ."

वहिनींनी फोन ठेवला. कशाला बोलावलंय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. मास्तरांना शेवट आठवत नाहीत आणि ते आपल्याला विचारणार. बरोबरच आहे, इतकी वर्षं भिंतीपलीकडे होतं तरी कोण? आणि आपण काय सांगणार? की मला एकही ठाऊक नाही, मी तुमचं कधी ऐकलंच नाही? रेकॉर्ड अर्धवट राहील ते राहीलच, पण या वयात त्या माणसाला हे कळायचं. रात्रभर त्यांचा जीव टांगणीला लागला. सकाळपर्यंत त्यांनी एक ठरवलं. आज काहीही झालं तरी डोळा लागू द्यायचा नाही. निदान आज तरी हा माणूस वाजवेल ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकायचं.

भाचीचा स्टुडिओ एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात अजून शाईचा वास यायचा. आत भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधोमध काळाभोर मोठा पियानो, त्याच्यावर वाकलेले दोन माइक, एका बाजूला काच आणि काचेमागे भाची. काचेच्या अलीकडे, पियानोपासून चार हातांवर, एक मऊ, खड्डा पडलेला सोफा.

"तू तिथं बस," मास्तर म्हणाले.

"इथं? तुमच्याजवळ? आवाज झाला माझा तर?"

"होऊ दे. आरामात बस."

वहिनींना सोफ्याचा डाव लगेच कळला. असल्या सोफ्यात एकदा माणूस रुतला की संपलं. त्या कडेला, पाठ ताठ ठेवून, शाळेत मुख्याध्यापकांपुढं बसावं तशा बसल्या. येण्याआधी त्यांनी दोन कप काळी कॉफी घेतली होती. गालात लवंग धरली होती. भट्टीवर पहाटेची पेंग यायची तेव्हा कानाची पाळी नखानं चिमटायची, हा जुना उपायही हाताशी होता.

मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली. वहिनींना ते सूर लगेच ओळखू आले, आणि त्यांना भरून आलं. हे तेच, ऊन पडद्याच्या फटीत असतानाचं. पापण्या जड झाल्या. त्यांनी पाळी चिमटली. सूर पुढं सरकले, आणि मग असा भाग आला जो वहिनींनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी कान टवकारले. हाच तो, जो आपण दर वेळी चुकवला! मास्तर वाजवता वाजवता मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. वहिनींनी डोळे मोठे केले आणि दाद दिल्यासारखी मान हलवली. मास्तरांनी खाली बघितलं, आणखी वाजवलं, पुन्हा वर बघितलं. वहिनी आणखी ताठ झाल्या आणि हसल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते वाजवतच राहिले. सुरावट फिरून फिरून त्याच दारात यायची, आणि आत न जाता परत फिरायची. काचेमागे भाचीनं चष्मा डोक्यावर ढकलला आणि दोन्ही हात जोडले. शेवटी मास्तरांनी मध्येच हात उचलले.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तेच झालं. दुसरी रचना घेतली. तीही कुठं संपेना. वहिनींची पाळी लालबुंद झाली होती, लवंगेनं गाल बधिर झाला होता, पण त्या पठ्ठीनं एकदासुद्धा डोळा मिटला नाही. भाची आत आली.

"मामा, घरी संपायचं की रे हे. मी ऐकलंय ना. इतकं सुंदर संपायचं, की संपलं हे मागाहून कळायचं. मग इथं काय होतं?"

मास्तर पट्ट्यांवरून रुमाल फिरवत बसले.

"मामी, तू सांग. तुला तर पाठ असेल. कसं संपायचं?"

झालं. जे होणार होतं ते झालं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. भाचीसमोर बोलायचं त्यांना जड गेलं, पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "अहो, मला माफ करा. मी तुमचं एकही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. एकही नाही. तुम्ही बसलात की मला झोप लागायची. चार सूर ऐकले की मी मेल्यासारखी. इतकी वर्षं तुम्ही भिंतीपलीकडे वाजवत राहिलात आणि मी पडून राहिले. आणि वर माझ्यामुळं तुम्हाला ती पट्टी टाकून वाजवायला लागलं. म्हणून आज ठरवून आले होते. आज मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग रुमाल तोंडावर धरून हसायला लागले. हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि वहिनींना कळेना, हे हसतायत की काय करतायत.

"अगं, म्हणून मघापासून घुबडासारखी बघतेयस होय!" ते म्हणाले. "मी आपला वाट बघतोय, वाट बघतोय. ही झोपतच नाही. थांबू कुठं?"

"म्हणजे?"

मास्तरांनी भाचीकडे बघितलं. तिनं चष्मा पुसायला घेतला. मग ते पट्ट्यांकडे बघत बोलले, कारण असलं काही वहिनींकडे बघून बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. "त्या वेळी तुला झोप येत नव्हती. तू ट्रे करपवलेस आणि रडत बसलीस. मला काय येतं? वाजवायला येतं. म्हणून बसलो. भिंत पातळ आहे. तुला झोप लागते ना, तेव्हा तू एक मोठा उसासा टाकतेस आणि कूस बदलतेस. पलंग करकरतो. ते ऐकलं की मी हात उचलायचो. बूट हातात घेऊन जिना उतरायचो."

"आणि नंतर? मी झोपल्यावर काय वाजवायचात?"

"नंतर काय? काही नाही."

"काहीच नाही?"

"तू झोपलीस की संपलं. पुढचं मला कधी सुचलंच नाही, कारण लागलंच नाही. तू सगळं ऐकलंयस. मीसुद्धा तेवढंच वाजवलंय."

वहिनी मटकन सोफ्यावर बसल्या. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यात कुणी उतरवून ठेवलं तर माणसाला पहिल्यांदा रागच येतो. "मग सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लावलं होतं का कुणी?" त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मास्तर उठले, इकडे तिकडे बघितलं, आणि पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

भाची म्हणाली, "मामा, तू बस. पाणी मी आणते."

वहिनींनी पाणी घेतलं, तोंड धुतलं, लवंग थुंकली, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन सोफ्याच्या त्या खड्ड्यात रीतसर आडव्या झाल्या. झोप म्हटल्यावर झोप येत नाही, आणि पोटात दोन कप कॉफी. मास्तर तिसऱ्यांदा सुरू करून थांबले. वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे बघू नका हो. घरी कुठं बघायचात? भिंतीकडे तोंड करा." मास्तरांनी मान खाली घातली आणि पहिल्यापासून सुरू केलं, कुणी ऐकत नसल्यासारखं, पट्टी टाकल्याइतकं हलकं. वहिनींच्या मनात आलं, हे आपल्यासाठी आहे, तेव्हाही होतं, आणि आपण वेडी, यात आपली चूक शोधत बसलो. एवढं मनात आलं, आणि पुढचं त्यांना आठवत नाही.

पुढचं त्यांना भाचीनं सांगितलं. सोफ्यावरून एक मोठा उसासा आला, सोफा करकरला, आणि मास्तरांची बोटं जिथं होती तिथूनच सावकाश वर उठली. शेवटचा सूर बराच वेळ खोलीत राहिला आणि मग गेला. काचेमागे भाचीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तिनं बोलायचं बटण दाबून विचारलंच, "मामा, फार छान झालं! दुसरं लगेच घेऊ या?"

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, पायातले बूट काढून हातात घेतले, आणि चवड्यांवर चालत काचेपर्यंत जाऊन म्हणाले, "हळू बोल गं. आत्ता कुठं झोपलीय."